तेहतीसवरचा उंचवटा

"काहीतरी नवीन सापडलंय बहुतेक," रुबीना लॅपटॉप मिटत म्हणाली. "पण अम्मी, कुणाला सांगू नको हं."

रहिमाबींनी ते खरोखरच कुणाला सांगितलं नाही. वरच्या मजल्यावरच्या विमलबाई त्यांच्या लेखी 'कुणी'मध्ये मोडतच नव्हत्या.

रुबीना पीएचडी करते हे ताथवड्याच्या त्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. कशात, ते मात्र कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. लांब कुठेतरी एखादा तारा कोसळतो, तेव्हा काही सेकंद गॅमा किरणांचा झोत सुटतो आणि उपग्रह तो टिपतो. त्यात कोणत्या ऊर्जेचे किरण किती, याचा आलेख काढायचा आणि त्यावरून तिकडे काय घडलं असेल ते शोधायचं, हे तिचं काम. दोन वर्षं हे आलेख तिच्यासमोर गुळगुळीत उतरत होते. त्या बुधवारी मात्र एका अतितेजस्वी स्फोटाच्या आलेखात, ऊर्जेच्या तेहतीसच्या आकड्यापाशी, एक छोटासा उंचवटा दिसला. तिने आणखी तीन तेजस्वी स्फोट काढून बघितले. तिथेही उंचवटा, आणि तोही तेहतीसलाच! तिने लगेच आपल्या मार्गदर्शक सरांना मेल पाठवला. त्या मेलमध्ये 'नवा' हा शब्द चार वेळा आला होता.

गुरुवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सचिव ज्योतीरामकाकांचा मेसेज आला: 'आपल्या बी विंगच्या रुबीनाने आकाशात नवा स्फोट शोधला. अभिनंदन!' संध्याकाळपर्यंत ग्रुपवर अमेरिकेनेही दखल घेतली होती. शुक्रवारी गेटवर फ्लेक्स लागला. त्यावर रुबीनाचा मावसबहिणीच्या लग्नातला, मेंदीचे हात गालाला लावलेला फोटो होता आणि खाली 'रविवारी सकाळी दहा वाजता जाहीर सत्कार'.

शनिवारी सरांचं उत्तर आलं.

'रुबीना, चार स्फोट चार वेगवेगळ्या अंतरांवर, आणि उंचवटा मात्र सगळ्यांचा एकाच आकड्याला? आकाशातला असता तर अंतराप्रमाणे आकडा सरकला असता. मोजणाऱ्या यंत्राच्या स्फटिकात आयोडीन असतं. हा त्याचाच ठसा. अंधुक स्फोटांत तो लपतो, तेजस्वी स्फोटांत उघडा पडतो. तुझ्याच पहिल्या वर्षाच्या अहवालात, पान नऊवर, तू हे छान समजावून दिलं आहेस.'

त्यातला 'छान' तिला सगळ्यात जास्त लागला.

ती तशीच ज्योतीरामकाकांकडे धावली. "काका, कार्यक्रम रद्द करा. त्या शोधाचं काही खरं नाही."

"लाजतेस काय अगं? मोठी माणसं अशीच लाजतात. खुर्च्या आल्यात, दोनशे समोसे सांगितलेत. जा, छान झोप काढ."

घरी अब्बांना सांगावं म्हणून ती आत गेली. देहूरोडला अब्बांचं, म्हणजे मीरासाहेबांचं, गॅरेज होतं, आणि ऐन गर्दीच्या रविवारी ते बंद ठेवणार होते. गिऱ्हाइकांना कारणही त्यांनी अगदी तपशीलवार सांगितलं होतं. आत्ता ते स्वतः शर्टाला इस्त्री करत होते.

"बेटा, हा बरा दिसतो का गं? शाळा सुटल्यापासून स्टेजवर कधी चढलोच नाही."

"बरा दिसतो," एवढंच रुबीना म्हणू शकली.

रविवारी शाल खांद्यावर पडायच्या आत तिने माईक ओढून घेतला. "मला काहीच सापडलेलं नाही. तो उंचवटा आकाशातला नाहीच, मोजणाऱ्या यंत्राचा आहे. मला हे माहीत असायला हवं होतं. मीच ते लिहून ठेवलं होतं."

कुणीतरी सवयीने टाळ्या सुरू केल्या आणि थांबवल्या. कुणाला काही समजणार नाही, समोसे आले की सगळे उठतील, अशी तिची आशा होती. पण समोर बसलेल्या निम्म्या लोकांची पोटं चाकणच्या कारखान्यांवर चालत होती.

"म्हणजे मापाचं गेज खराब होतं," तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"कॅलिब्रेशन झालं नव्हतं का?" एका कंपनीच्या क्वालिटी विभागात मापयंत्रं पडताळून घेणाऱ्या वर्षालीने उभं राहून विचारलं.

"झालं होतं."

"मग त्याचा रिपोर्ट वाचला नाहीस?"

"वाचला होता."

"राव, आम्ही असा माल पुढे पाठवला असता ना," पेंट शॉपमधला प्रितम म्हणाला, "तर सुपरवायझरने आम्हालाच रंगवून टांगलं असतं!"

हशा झाला. मीरासाहेब आपल्या कडक इस्त्रीच्या बाहीकडे बघत बसले. रुबीनाला स्टेजच्या फळ्या दुभंगाव्यात असं वाटलं.

तेवढ्यात भैरूकाका उठले. जन्म पुनावळ्याचा, आणि सगळी नोकरी कारखान्यांच्या तपासणी विभागात गेलेली.

"गप बसा रं! पोरी, त्ये गेज समद्याच मापांना खोटं बोलतंय, का येकालाच?"

"तेवढ्यालाच, काका. तीस ते चाळीसच्या मधे."

"मंग तेवढं सोड की. बाकीचं काय म्हनतंय?"

रुबीनाने माईक खाली केला. "ते... बघितलंच नाही."

"न्हाई बघितलं?" भैरूकाकांनी चष्मा काढला. चिडलेले नव्हते ते, आणि तेच जास्त अवघड होतं. "मंग जा, बघ. समोसं काय पळून जात न्हाईत."

दुकानदार परत घेत नाही म्हणून शाल तिला मिळालीच. घरी येताना अब्बा जिन्यात म्हणाले, "टेंपरेचरचा काटा खोटं दाखवत होता, आणि मी एका माणसाचं आख्खं इंजिन खोललं होतं. तुझ्या अम्मीलाही नाही सांगितलं आजवर."

दुपारी तिने तीस ते चाळीसचा भाग वगळून चारही आलेख पुन्हा काढले. त्यात नवं काहीच नव्हतं, पण पहिल्यांदाच ते गणिताने काढलेल्या रेषेशी नीट जुळले. ते बघून संध्याकाळी सरांनी लिहिलं, 'आता बरोबर. हे वगळायचं कसं सुचलं?' तिने 'पान नऊ' असं टाइप केलं, कान तापेपर्यंत त्याकडे बघितलं, खोडलं आणि भैरूकाकांचं नाव लिहिलं.

लगेच उत्तर आलं: 'गुरुवारी आपल्या संशोधन गटाच्या बैठकीला ते येतील का? मला त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत.'

निरोप ऐकून भैरूकाकांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"येतो की. पर तुज्या सरांना म्हनावं, कॅलिब्रेशनची कागदं आदी काढून ठेवा. आमी तितं आल्यावर शोदाशोद नको."