शेठची फेरी

सायकल घरी आणायचं ढुंढिराजने ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं. कंपनीत ठेवली असती तर तिला कुलूप लागलं असतं, गुरखा लागला असता, आणि मुख्य म्हणजे बायको, मालिनी, लागली नसती. पण नाही! साहेबांना इंदिरानगरच्या सोसायटीतून सायकल ढकलत आणायची होती. चार लोकांनी थांबून विचारावं, "काय हो, काय नवीन?" एवढीच हौस. (चौघांनी विचारलंही. "पंक्चर का?" असं.)

ढुंढिराज अंबडला बिजागऱ्यांच्या कारखान्यात डिझाइन बघतो. दाराची बिजागरी, खिडकीची बिजागरी, कपाटाची बिजागरी. बारा वर्षं हेच केलं की माणसाला स्वप्नातसुद्धा दारंच दिसतात. शेवटी त्याने मालकांच्या, म्हणजे कुंदनशेठच्या मागे लागून एक डोंगरी सायकल बनवली. मागचं चाक चौकटीला घट्ट न बसवता बिजागऱ्यांवर डुलतं ठेवायचं आणि मध्ये एक जाडजूड स्प्रिंग. दगड आला की चाक उडेल, स्प्रिंग धक्का गिळेल, वरच्या माणसाला पत्ताही लागणार नाही. एकेक सुटा भाग त्याने स्वतः लेथवर उभं राहून करून घेतला होता. पोटच्या पोराला कोणी एवढं निरखत नाही.

शेठ म्हणाले होते, "रविवारी घोटीला माझ्या फार्महाऊसवर घेऊन ये. मी स्वतः चालवणार. पसंत पडली तर नवा विभाग काढू, तू प्रमुख. नाही पडली तर सोमवारपासून गुपचूप कपाटाच्या बिजागऱ्या."

म्हणजे बारा वर्षांचा सोक्षमोक्ष एका फेरीत.

रविवारी सकाळी ढुंढिराज अंघोळ करून बाहेर आला तर हॉलमध्ये उदबत्तीचा घमघमाट. सायकलला झेंडूचा हार, हँडलला लिंबू-मिरची, पुढे नारळाची शकलं. आणि मालिनी तबक हातात घेऊन समाधानाने उभी.

"अगं, हे काय केलंस?"

"वाहनाची पूजा. स्कूटरची केली तेव्हा बोललात का काही?"

"हे वाहन नाही, प्रोटोटाइप आहे!"

"त्याला चाकं आहेत ना?"

यावर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत काही शिकवलेलं नव्हतं. ढुंढिराजने हार काढला. मग त्याचं लक्ष चाकांकडे गेलं. दोन्ही चाकांना ब्रेकची भोकं पाडलेली पोलादी चकती असते, त्यावर दोन्ही बाजूंनी कुंकवाचं सुबक स्वस्तिक!

"इथे कशाला काढलीस?"

"एवढी चकचकीत जागा दुसरी होती कुठे? बाकी सगळ्या तुमच्या सळया नि नळ्या."

त्याने खिशातला नवाकोरा पांढरा रुमाल काढून स्वस्तिकं पुसली, रुमाल धुण्याच्या बादलीत टाकला आणि सायकल टेम्पोत चढवली. चकत्या आरशासारख्या दिसत होत्या. त्याला वाटलं, झालं काम.

फार्महाऊस टेकडीच्या माथ्यावर होतं. खाली भाताची खाचरं, रोपांची आवणी चाललेली. कुंदनशेठ ट्रॅकसूट घालून तयारच होते. (त्या ट्रॅकसूटला इतकं पोट आवरायचं काम कधीच पडलं नसावं.)

"शेठ, आधी जरा सपाटीवर..."

"अरे, कॉलेजात असताना मी सायकलने त्र्यंबकला जायचो! हट!"

आणि शेठ सुटले. पहिला दगड आला. मागचं चाक टुणकन उचललं गेलं, स्प्रिंग दबली, सुटली, आणि शेठ पाटावर बसल्यासारखे स्थिर! ढुंढिराजच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा दगड, मग पावसाने खणलेली घळ, मग दगडी पायऱ्या. शेठचा वेग वाढतच होता.

"अरेऽऽ!" शेठ ओरडले.

"मजा येतेय ना शेठ?" ढुंढिराजही ओरडला.

तेवढ्यात फोन वाजला. मालिनी.

"तो नवा रुमाल बादलीत तुम्ही टाकलात? माझी पिवळी साडी केशरी झाली ना! आणि कुंकू तेलात कालवलेलं, आता तो डाग जन्मात निघायचा नाही."

"तेलात? पाण्यात नाही?"

"पाण्यातलं टिकतं का? स्वस्तिक रस्त्यात पुसलं जाऊ नये म्हणून चांगलं खोबरेल घातलं. खोलगट भोकाभोकांत बोटाने नीट भरलंय."

ढुंढिराजच्या पायांखालची टेकडीच सरकली. तेल लागलेल्या चकतीवर ब्रेक म्हणजे लोण्यावर हात. वरवर पुसलेलं तेल भोकांतून पुन्हा बाहेर येणारच होतं. शेठ मजेने ओरडत नव्हते!

"शेठ, उडी मारा!" तो बोंबलत खाली धावला. पण शेठ तोवर बांधावरून उडून, हवेत क्षणभर विचार करून, खाचराच्या चिखलात शिरले होते. आवणी करणारी बयाबाई हातातली रोपांची जुडी घेऊन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ओ सायेब, रस्ता तिकडं हाय! इकडं काय लावताय, सायकल? लय मोठी व्हायची नाय ती!"

ढुंढिराज धापा टाकत पोचला तेव्हा शेठ बांधावर बसले होते. डोळे सोडून सगळं मातीचं. नोकरी गेली, हे त्याने मनाशी कबूलही करून टाकलं.

"शेठ, लागलं का हो कुठे? ब्रेकला जरा तेल..."

"ब्रेक मरू दे," शेठ म्हणाले. आणि चक्क हसले! "अरे, डॉक्टरने मला रिक्षात बसू नको सांगितलंय, मणक्यांमुळे. आणि आत्ता एवढे दगड, पायऱ्या, एवढी मोठी उडी... पण कंबरेला धक्का म्हणून लागला नाही! काय बनवलंय रे!"

ढुंढिराजचा ऊर भरून आला. बारा वर्षांची दारं एकदम उघडली. "शेठ, त्याचं काय आहे, मागच्या चाकाला मी..."

"कळलं मला," म्हणत शेठनी चिखलातल्या सायकलची सीट मायेने थोपटली. "ही सीट! कुठून आणलीस?"

"अं? ती... रविवार कारंजाच्या चौकात एक सायकलवाला आहे, धोंडीराम. त्याच्याकडे जुनी पडली होती, फुकटच दिली त्याने."

"वाटलंच! अरे, इतकी सुंदर सीट असताना खाली त्या स्प्रिंगा आणि बिजागऱ्या कशाला लटकवल्यास? नुसतं वजन! सगळं काढून टाक," शेठ उठत म्हणाले. "नवा विभाग नक्की काढायचा. उद्या सकाळी त्या धोंडीरामला गाडीत घालून कंपनीत घेऊन ये. प्रमुख तो. तू त्याच्या हाताखाली बसून जरा शिकून घे."