कुरकुऱ्या

अनुसयामावशी माणसाला त्याच्या नावानं हाक मारत नाही, माशाच्या नावानं मारते. सरपंच म्हणजे मरळ: चिखलात निवांत पडायचं आणि समोर येईल ते गिळायचं. प्रश्न विचारला की मागं सरकणारा ग्रामसेवक म्हणजे झिंगा. मी गावात पत्रकं छापून वाटते, म्हणून मी कुरकुऱ्या.

"मावशी, ही शिवी आहे का हो?"

"शिवी कशाची गं? लई वर बसवलंय तुला म्या!"

मावशी तलावावरचे मासे आणून आमच्या आठवडी बाजारात विकते. लोहारा तालुक्यातलं आमचं गाव. कुरकुऱ्या म्हणजे शिंगटा, मिशीवाला, काटेरी. बाकीचे मासे हातात आले की मुकाट तोंडाची उघडझाप करतात. हा कुर्र कुर्र करून धरणाऱ्याच्या नावानं खडे फोडतो. पण मावशीच्या तोंडी हा शब्द माशापुरता राहिलेलाच नाही. रेशनच्या दुकानात माप कमी पडलं म्हणून तिथंच ओरडणारा, कुरकुऱ्या. तिथं गप्प बसून घरी बायकोवर ओरडणारा? "त्यो नुसता बेडूक! धरणाऱ्याच्या तोंडावर बोलंल त्योच कुरकुऱ्या."

अशा बाईला पंचायतीनं बाजारातून उठवायचं ठरवलं. मासेवाल्यांनी ओढ्यापलीकडं, उकिरड्याशेजारी बसावं. का, तर वास येतो! आणि बाजारातून उघडं वाहणारं पंचायतीचं गटार? त्याला काय अत्तर सुटतं? मी पत्रक काढलं, 'मासेवालीला उकिरडा, गटाराला मानाची जागा!' भजीवाल्यानं त्यात भजी बांधून दिली.

ग्रामसभेत मावशी माशांची बादली घेऊनच आली आणि तिनं हात वर केला.

"मावशी, बसा खाली," सरपंच म्हणाले. "तुमचा अर्ज न्हाय."

मावशी बसली नाही. बादलीत हात घालून, काटे चुकवून, तिनं जिवंत शिंगटा उचलला आणि थेट माईकसमोर धरला. कुर्र! कुर्र! भोंग्यातून साऱ्या गावावर.

"ह्याचा बी अर्ज न्हाय. तरी बोलतोय. आता आमी बोलावं का?"

मागच्या बाया आधी हसल्या, मग उभ्या राहिल्या.

"आधी तो मासा हटवा!" सरपंच ओरडले.

"आधी ठराव हटवा!" सगळ्या ओरडल्या.

ठराव हटला. मासा त्यानंतर बादलीत गेला.

पुढच्या बाजारी मावशी आपल्या जागेवर, चपलावाल्याच्या आणि बांगडीवालीच्या मधोमध. दुपारीच मासे संपले. तिनं टोपली धुतली, पालथी घातली, तरी उठेना. येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत बसली.

"मावशी, माल संपला की. घरी जायचं नाही का?" मी विचारलं.

"मासं काय, उकिरड्यावर बी खपलं असतं गं. गिऱ्हाईक जिभेमागं येतंय." तिनं पदर सारखा केला. "पण माल संपल्यावर तिथं माझ्याशी बोललं कोण? मालक गेल्यापसनं घर निस्तं चिडीचूप हाय."

मी शेजारी बसले. तिनं सरकून सावली दिली.

"जेवलीस का? बरं, आठवडाभर काय काय झालं ते सांग. सगळं सांग. बाजार उठायला अजून लई येळ हाय."