सासूबाईंचा पाण्यातला फोटो

त्या दिवशी मी मुकाट्याने जेवलो असतो, तर आज गावात तोंड दाखवायची सोय राहिली असती. पण नाही! मासळीचा काटा काढता काढता मी बोलून गेलो, "फोटोच ना? त्यात काय एवढं? मी काढतो की!"

फोटो सासूबाईंचा होता. माझ्या सासूबाई ओ मालसून यांनी पंच्याहत्तरी कधीच ओलांडली आहे, पण अजूनही त्या समुद्राच्या तळाशी जाऊन शंख-शिंपले काढतात. आमच्या जेजू बेटावर बायकांचा हा पिढीजात धंदा आहे. छातीत श्वास कोंडायचा, बुडी मारायची, खडकाला चिकटलेला शिंपला ओरबाडायचा आणि वर यायचं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांचं हृदय तपासलं आणि "आजीबाई, आता पुरे" असं सांगितलं. तेव्हापासून माझी बायको यंग-रान आईच्या हात धुऊन मागे लागली होती. सासूबाईंना काही ऐकूच यायचं नाही. (पाण्यात जाताना त्या कानात च्युइंगगम कोंबतात. जमिनीवर त्यांना त्याची गरज पडत नाही.)

त्या दिवशी मात्र त्या जेवायला बसल्या बसल्या विरघळल्या. "सोडते पाणी," म्हणाल्या, "पण माझी एक अट आहे."

आमच्याकडे म्हातारी माणसं आपल्या अंत्यविधीचा फोटो जिवंतपणीच काढून ठेवतात. ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत जायचं आणि हसू नका म्हटलं की हसायचं नाही. सासूबाईंना ते मंजूर नव्हतं.

"तो स्टुडिओतला भेदरलेला चेहरा माझा नव्हे. मी मेल्यावर ज्या फोटोपुढे तुम्ही वाकणार ना, तो पाण्यातला हवा. तसा एक फोटो निघाला, की त्या दिवसापासून मी समुद्रात पाऊल टाकणार नाही. बस्स."

यंग-रानचे डोळे भरून आले. शहरात लग्नातल्या जोडप्यांचे पाण्याखाली फोटो काढणारा एक माणूस आहे, त्याला बोलावू या, असं ती म्हणत होती. तेवढ्यात माझा तो काटा निघाला.

मी गावच्या कचेरीत कारकून आहे. वादळात बागांचं नुकसान झालं की पडलेल्या संत्र्यांचे फोटो काढून वर पाठवायचे, हे माझं काम. (एकाही संत्र्याने आजवर तक्रार केलेली नाही.) त्यामुळे कॅमेरा माझ्याकडे होताच. पण कॅमेऱ्याला पाण्यात न्यायचं तर त्याला एक जाड, समोर काच असलेली पेटी लागते. पेटी धरायला मुठी लागतात. खाली अंधार, म्हणून दोन फ्लॅश, आणि ते धरायला खेकड्यासारखे दोन लांब दांडे. एवढं सगळं जड झालं म्हणून दांड्यांना तरंगणारे फोमचे तुकडे. मग कॅमेरा नीट झाला, पण मी मात्र बुडेना, म्हणून माझ्या कमरेला शिशाचे वजनी पट्टे.

"अहो," यंग-रान पसारा बघून म्हणाली, "आई एक जाळी आणि एक पहार घेऊन जाते. तुम्ही काय समुद्रातच बिऱ्हाड थाटणार आहात?"

तिला काय कळणार! या सगळ्या पसाऱ्याचा जीव होता एका रबरी रिंगेत. पेटीच्या झाकणाला ती रिंग बसते. तिला बोटाने हलकेच ग्रीस लावायचं आणि झाकण दाबायचं. पण रिंगेखाली एक केस जरी अडकला, तरी पाणी आत शिरलंच म्हणून समजा. हे वाचल्यापासून माझी झोप उडाली. आमची मांजर मी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली. यंग-रानला केस विंचरायला अंगणात पिटाळलं. सासूबाईंना मी टोपी देऊ केली, ती त्यांनी मांजरीसाठी पाठवून दिली.

मोसमाच्या शेवटच्या दिवसाची सकाळ उजाडली. दुसऱ्या दिवसापासून शंख काढायलाच काय, बुडी मारायलाही बंदी लागणार होती, म्हणून फोटो त्याच दिवशी निघायला हवा होता. मी हात धुतले, रिंग पुसली, उजेडात धरून पाहिली, पुन्हा पुसली. कॅमेरा पेटीत बसवला. लेन्सवरचं काळं झाकण मुद्दाम तसंच ठेवलं, कारण बोटांना ग्रीस होतं आणि लेन्सला डाग पडला असता. ते अगदी शेवटी काढायचं, असं मी ठरवलं. (हे झाकण लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.) तेवढ्यात न्हाऊन आलेली यंग-रान ओले केस मोकळे सोडून माझ्या खांद्यावरून वाकली.

"झालं का हो?"

"केस! अगं, केस! मागे हो!" मी किंचाळलो आणि खाडकन पेटी मिटून दोन्ही खटके लावले. वाचलो! एकही केस आत गेला नाही.

किनाऱ्यावर दगडांच्या आडोशाला शेकोटी पेटली होती आणि भोवती साऱ्या पाणबुड्या बायका रबरी कपडे चढवत होत्या. त्यांची मुकादमीण चुनजा मावशी. तिच्या परवानगीशिवाय त्या पाण्यात मासासुद्धा वळत नाही. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"मालसून, तुझा जावई सासूचा फोटो काढायला आलाय की लढाईला?"

बायका खो खो हसल्या.

"आणि हवेची टाकी कुठे लपवली नाहीस ना रे? आमच्या पाण्यात विकतचा श्वास चालत नाही. छातीत असेल तेवढ्यावर काढ फोटो."

सासूबाईंनी दवण्यासारखा कडू पाला चुरगळून आपल्या पाण्यातल्या चष्म्याच्या काचेला चोळला. त्याने काचेवर वाफ धरत नाही. मग माझ्या चष्म्याला चोळला. मी नको नको म्हणेपर्यंत पेटीच्या काचेलाही चोळला. काच पुसून त्या आत डोकावल्या. जरा वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं.

"झकास," त्या म्हणाल्या. "चला जावईबापू."

पाण्यातलं काय सांगू? माझी छाती म्हणजे कचेरीतली छाती. मी खाली जायचो, घाबरायचो आणि वर यायचो. बायका वर येताना शीळ घातल्यासारखा श्वास सोडतात. माझ्या तोंडून निघत होता तो आवाज ऐकून चुनजा मावशीने "कुणाचं रेडकू पडलंय?" म्हणून चौकशी केली.

पण एकदा मी खाली टिकलो. सासूबाई शेवाळातून सरळ माझ्याकडे आल्या. जमिनीवर गुडघे धरून चालणारी ती बाई तिथे पोरीसारखी सळसळत होती. वीस वर्षं मी त्यांना घरात चुलीपाशी वाकलेलंच पाहत आलो होतो, आणि मला खरंच भरून आलं. त्यांनी डोक्यावरची रबरी टोपी मागे सारली. पांढरे केस पाण्यात पसरले. माझ्या पेटीच्या काचेत अगदी जवळून बघत त्यांनी ते बोटांनी नीट केले, एक बट कानामागे नेली, मान तिरकी केली. मी बटण दाबत सुटलो. फ्लॅश लखलखले. कॅमेऱ्याचा मागचा पडदा काळाच दिसत होता, पण माझा वाचायचा चष्मा घरी होता आणि बॅटरी वाचवायला पडदा आपोआप विझतो असं मला कुठेतरी वाचल्याचं आठवत होतं. (आठवायचं ते नाही, आणि नको ते बरोबर आठवतं.)

बाहेर आलो तेव्हा यंग-रान गरम चहा घेऊन शेकोटीपाशी उभी होती. साऱ्या बायका जमल्या. मी पेटी गोड्या पाण्याने धुतली, पुसली, खटके उघडले आणि आत बोट फिरवून सगळ्यांना दाखवलं.

"कोरडं! एक थेंब नाही!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी पडदा त्यांच्यापुढे धरला.

"अगंबाई, रात्रीचा काढलाय का?"

"पुढचा दाखव. हा तर आणखी छान काळा आलाय."

"यात मालसून कुठली?"

"ती बघ, त्या काळ्याच्या मागे."

यंग-रान जवळ आली. तिने हात पुढे केला आणि लेन्सवरचं झाकण नखाने टक टक वाजवलं. "अहो, हे काय?"

पेटीत पाण्याचा थेंब गेला नव्हता. उजेडाचाही गेला नव्हता.

चुनजा मावशी शेकोटीवर पडता पडता वाचली, एवढी हसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण पायाखाली खडक होता. हसणं सोसलं असतं हो. यंग-रान हसली नाही, ते सोसवेना. "वर्षभर मी आईच्या विनवण्या केल्या," ती हळूच म्हणाली, "आणि तुम्ही माझ्या केसांवर ओरडत बसलात." मग तिने पाठ फिरवली. एवढी शरम मला माझ्या लग्नातही वाटली नव्हती, आणि तिथे तर मी नवरी समजून भलत्याच मुलीपुढे वाकलो होतो.

"पुन्हा उतरू या! आत्ताच्या आत्ता!" मी म्हणालो.

"भरती लागली," चुनजा मावशीने डोळे पुसत सांगितलं. "आणि उद्यापासून बंदी. आता पुढच्या मोसमात."

"म्हणजे आईनं पुढच्या मोसमात परत पाण्यात जायचं?" यंग-रान कळवळून म्हणाली. "मुळीच नाही. त्या शहरातल्या माणसालाच बोलवते."

सासूबाई चहा फुंकत होत्या. "परका माणूस माझ्या मरणाच्या फोटोत कशाला? फोटो काढील तर माझा जावईच. आणि फोटो निघेपर्यंत पाणी सोडायचं वचन लागू होत नाही. डॉक्टरला सांग, मी उथळातच जाईन."

घरी गेल्यावर मला वाटलं, आता आठवडाभर आपल्याला कोणी पाणी विचारणार नाही. पण संध्याकाळी सासूबाईंनी चक्क कोंबडी कापली. अंडी देणारी! पहिली तंगडी माझ्या वाडग्यात घातली. मी वाडगा मागे सारला.

"आई, मला माफ करा. पाण्यात तुम्ही किती हौसेनं केस सारखे करत होता, आणि मी..."

"हो ना. किती दिवसांनी एवढा चांगला आरसा मिळाला."

"आरसा?"

"काचेमागे काळं झाकण असलं की तोंड लख्ख दिसतं, जावईबापू. सकाळी पाला चोळतानाच बघितलं मी."

"सकाळीच? मग बोलला का नाहीत?"

"जावयाच्या कामात सासूनं नाक खुपसू नये," असं म्हणून त्यांनी दुसरी तंगडीही माझ्याच वाडग्यात घातली. "खा पोटभर. आणि पुढच्या मोसमातही तुम्हीच या बरं का. दुसऱ्या कोणावर माझा एवढा भरवसा नाही."