दोनशे दहा पदार्थ, दोनशे दहा चुका

समजा, तुमची एक वही आहे. अक्षर सुरेख, मजकूर बिनचूक. आणि वर्गातली निम्मी मुलं मधल्या सुट्टीत ती गुपचूप उघडून उतरवून घेतात. तुम्ही काय कराल? वही दप्तरात लपवाल, की सरांना सांगाल? जरा विचार करा. दिग्रसच्या प्रभावतीबाईंनी यातलं काहीच केलं नव्हतं.

बाई मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गृहशास्त्र शिकवत. पाककृतींची त्यांची जाडजूड वही स्टाफरूमच्या टेबलावर असे, आणि प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की मुली तिच्यातून आपली जर्नलं भरत. बाईंनी वही तशीच राहू दिली. फक्त प्रत्येक पाककृतीत एकेक चूक पेरून ठेवली. घरी पदार्थ करून बघणारीला ती लगेच कळे. नुसती उतरवणारी परीक्षेत अलगद सापडे. बरोबर काय, ते बाईंच्या डोक्यात होतं. डोक्यापेक्षा भक्कम कपाट असतं, असं त्यांना वाटत नव्हतं.

बाई निवृत्त झाल्याला नऊ वर्षं झाली. एका सोमवारी त्यांची जुनी विद्यार्थिनी नसरीन आठ वर्षांच्या लेकीला, मुस्कानला, घेऊन घरी आली आणि तिनं बाईंच्या मांडीवर छापायला तयार कागदांचा गठ्ठा ठेवला. वरच्या पानावर ठळक अक्षरांत ‘प्रभावतीबाईंचा स्वयंपाक’. नसरीनचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान होतं. बाईंना चकित करायचं म्हणून तिनं दोन महिन्यांपूर्वी नागोरावांकडून, म्हणजे बाईंच्या यजमानांकडून, वही गुपचूप नेली होती. शुक्रवारी यवतमाळच्या छापखान्यात पुस्तक छापणार होतं, रविवारी शाळेत समारंभ होता, आणि हजार प्रतींची नोंदणी आधीच झाली होती.

“वहीतलं एक अक्षर इकडचं तिकडं होऊ दिलं नाही, बाई,” नसरीन अभिमानानं म्हणाली.

बाईंनी मधलंच पान उघडलं. शेवयांच्या खिरीत पाव चमचा हिंग. पुढचं उघडलं. लिंबाच्या लोणच्याला मोहरीऐवजी साबुदाणा. त्यांनी गठ्ठा मिटला आणि डोळेही मिटले. हजार घरांत हिंगाची खीर शिजणार होती, आणि वर नाव कोणाचं, तर प्रभावतीबाईंचं.

लपवून उपयोग नव्हता. बाईंनी सगळं सांगून टाकलं. नसरीननं गठ्ठा पुन्हा उघडून शिऱ्याचं पान काढलं.

“म्हणजे दहावीत मी शिऱ्याले मोहरीची फोडणी देल्ली, ते तुमच्यापायी? अम्मी आजवर त्याच्यावरून टोमणे मारते, बाई.”

“तू उतरवलं होतंस की नाही?”

“उतरवलं होतं.”

“मग झालं तर,” बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

दोन दिवसांत त्यांनी दीडशेच्या वर चुका नुसत्या वाचून पकडल्या. उरलेल्या साठेक मात्र वस्ताद होत्या. मीठ अर्धा चमचा की पाऊण, आच मंद की मोठी. कागदावर सगळं खरंच वाटे. डोक्यातलं भक्कम कपाट उघडलं, तर आत फार काही सापडलं नाही. मग नसरीननं जुन्या विद्यार्थिनींच्या ग्रुपवर निरोप टाकला, चौदा जणींनी पदार्थ वाटून घेतले, आणि बुधवारी दुपारी बाईंची बैठक डब्यांनी भरून गेली.

आता अडचण चवीची. रक्तदाबामुळे बाई चार वर्षं अळणी खात होत्या, त्यामुळे त्यांना सगळंच खारट लागे. म्हणून चव घ्यायचं काम बाकीच्यांकडे आलं. पण चाळिशी ओलांडलेल्या त्या बायका बाईंसमोर बसल्या की पुन्हा नववीतल्या होत. बाई चष्म्यावरून बघायच्या आणि समोरची म्हणायची, “छान झालं बाई.” कारल्याचं पंचामृत छान, दगडासारखी कोथिंबिरीची सांबारवडी छान. नागोराव तर घास तोंडात जायच्या आधीच “फस्क्लास” म्हणत. एसटीतून निवृत्त झालेल्या या माणसानं घरात दुसरा शेरा कधी दिलाच नव्हता. संध्याकाळ झाली तरी कागदांवर एकही नवी दुरुस्ती झालेली नव्हती.

शेवटी बाईंनी स्वतः केलेले कढीगोळे, म्हणजे कढीत शिजवलेले डाळीचे गोळे, मध्ये ठेवले. म्हणाल्या, “हे तपासायची गरज नाही. घरात दर रविवारी होतात. खा आणि जिभेला आधार द्या.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुस्काननं गोळा तोंडात घातला, इकडून तिकडे फिरवला आणि काढून वाटीत ठेवला. टक्क आवाज झाला.

“हे कच्चं हाय,” ती म्हणाली.

नसरीननं तिला चिमटा काढला. पोरगी मागे सरली नाही. “कच्चंच हाय. चावल्या जात नाही.”

बाईंनी संथपणे विचारलं, “नसरीन, डाळ किती वेळ भिजवायची लिहिलंय?”

“एक तास.”

बाईंचा चेहरा बदलला. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या चार तास भिजवत, आईनं शिकवल्याप्रमाणे. मग वहीत बघून करायची सवय लागली, आणि स्वतःच पेरलेल्या चुकीत त्या कितीतरी वर्षं दर रविवारी स्वतः सापडत आल्या होत्या.

नागोराव घसा खाकरून म्हणाले, “दाताच्या डॉक्टरनं मले दोनदा इचारलं, सुपारी खाता का म्हणून. मी तं आयुष्यात सुपारी खाल्ली नाही.”

“मग सांगितलं काहून नाही इतकी वर्षं?”

“मले वाटे, गोळे असेच असतात. अन् तुले कोण सांगन?”

चौदा विद्यार्थिनींनी एकदम पदर तोंडाला लावले. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी लाल पेन उचललं, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ते मुस्कानच्या हातात दिलं. म्हणाल्या, “बस इथं. तोंड वाकडं झालं की खूण करायची. कोणाला भ्यायचं नाही, मला तर मुळीच नाही.”

बाईंनी सांगितलं तसं मुस्काननं ‘एक’ खोडून ‘चार’ लिहिलं. मग गठ्ठ्याचं पहिलं पान उघडलं, बाईंच्या नावाखाली ‘चव तपासली : मुस्कान, इयत्ता तिसरी’ असं गोल अक्षरांत लिहिलं, आणि सांबारवडीचा डबा पुढे ओढला.