मौजनगरीसाठी ऋतूची नेमणूक

थीम पार्कच्या कौटुंबिक सहलीसाठी ऋतू नेमायचा असेल तर किमान तीन ऋतूंच्या मुलाखती घ्याव्या लागतात, आणि त्या आम्ही जूनच्या शेवटच्या रविवारी सोलापुरात आमच्या बैठकीच्या खोलीत घेतल्या. मौजनगरी पार्कच्या अर्जातच तशी अट आहे. कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसांची संख्या आणि सोबत येणाऱ्या ऋतूची सही, एवढं असल्याशिवाय दारातून आत सोडत नाहीत.

पुष्कळ लोक ही अट कशीतरी उरकून टाकतात. आमच्या शेजारचे बोल्लीकाका गेल्या वर्षी रस्त्यात जो ऋतू भेटला त्यालाच गाडीत बसवून घेऊन गेले आणि घरदार शिंकत परत आलं. मला असलं जमत नाही. मी मल्लिनाथ हत्तुरे, एका सरकारी कार्यालयात सव्वीस वर्षं भांडारपाल आहे. टाचण्यांचा डबा घ्यायचा असला तरी आधी तीन दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता, हे माझ्या हाडीमाशी भिनलंय. पोरं यावरून माझी टिंगल करतात. करू देत. त्यांच्या शाळा-कॉलेजचे अर्ज आजवर एकदाही परत आलेले नाहीत.

मी तक्ता आखत होतो तेव्हा माझी बायको शैलजा समोर शेंगा फोडत बसली होती. रकाने असे: मुलांची सुट्टी, रांगेची लांबी, पाण्यातले खेळ, आजारपणाचा धोका. प्रत्येकाला दहा गुण. शेवटी एक अरुंद रकाना, इतर.

"माझं एक लिहून घ्या," शैलजा म्हणाली. "यंदा मला त्या मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बसायचंय. पन्नाशी झाली की तिथं बसू देत नाहीत, पाटी लावलीय. मला संक्रांतीला पन्नास पूर्ण होतायत."

मी ते 'इतर'मध्ये सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. 'इतर'ला गुण नसतात हे तिला सांगितलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत असतं.

मुलाखतींच्या वेळा उमेदवारांच्या सोयीने दिल्या होत्या. हिवाळा सकाळी साडेसहाला, उन्हाळा दुपारी बाराला, पावसाळा चारला. बोल्लीकाकूंना आदल्या दिवशी निरोप दिला होता, त्यामुळे त्यांनी बाराला गच्चीवर पापड घातले आणि पावणेचारला काढून घेतले.

हिवाळा वेळेवर आला. खुर्चीच्या कडेला बसला, चहा दोन्ही हातांत धरून प्यायला. मी त्याच्यासमोर त्याची हजेरी ठेवली. गेल्या वर्षी सोलापुरात तो सगळे मिळून अकरा दिवस होता, आणि त्यातलेही चार अर्धे. त्याने मान खाली घातली. माझा मुलगा बसवराज यंदा दहावीला आहे, जानेवारीत त्याची पूर्वपरीक्षा, हेही मी नमूद केलं. मग नियमाप्रमाणे विचारलं की कुटुंबातील कोणाशी पूर्वओळख आहे का.

"वहिनींशी आहे," तो म्हणाला.

बसवराज पाचवीत असताना आम्ही थंडीत मौजनगरीला गेलो होतो. त्या दिवशी मुलांना खेळून उकडायला लागलं तसे आम्ही सगळ्यांनी स्वेटर काढून शैलजाकडे दिले. ती रोलर कोस्टरसमोरच्या बाकावर पिशव्या घेऊन बसली होती. तीन स्वेटर मांडीवर ठेवून ती दिवसभर तिथेच होती आणि हिवाळा तिच्या शेजारी होता. मी विचारलं, मला ओळखता का. तो म्हणाला की नाही, क्षमा करा.

बाराला उन्हाळा आला तो दार लोटून थेट स्वयंपाकघराकडे बघत. सोलापूरचाच असल्याने त्याला पत्ता सांगावा लागला नव्हता. पंखा लावू का म्हटलं तर हसला. शैलजाने ताक दिलं, ते त्याने एका दमात संपवलं. शाळेची सुट्टी त्याच्याकडे पूर्ण, पाण्यातले खेळ त्याच्यामुळेच चालतात, त्यामुळे गुण भराभर पडत गेले. पूर्वओळखीचा प्रश्न आला तसा तो म्हणाला, "मी घरचाच की हो." पण नेमकं कोणाला ओळखता असं विचारल्यावर त्यानेही वहिनींचंच नाव घेतलं. माझ्या मुलीच्या, अक्षताच्या, बारावीनंतर आम्ही त्याच्यासोबत गेलो होतो. सावली सरकेल तशी शैलजा बाकाच्या या टोकावरून त्या टोकाला सरकत होती, आणि बरोबर आमच्या पाण्याच्या बाटल्याही सरकवत होती. मला तो बराच वेळ निरखत राहिला. शेवटी म्हणाला की चेहरा बघितल्यासारखा वाटतो, कदाचित पार्किंगमध्ये.

पावसाळा सव्वापाचला आला. सध्या कामावर असल्याने उशीर झाला, असं म्हणाला. तारखांबद्दल त्याने काहीही कबूल केलं नाही. ओळखीचं विचारलं तर त्याचंही तेच. त्याच्यासोबतच्या सहलीत शैलजाकडे एक छत्री होती आणि ती तिने पिशव्यांवर धरली होती, स्वतःवर नाही, एवढं त्याला पक्कं आठवत होतं.

तिन्ही उमेदवारांची कुटुंबातल्या एकाच व्यक्तीशी ओळख, ही गोष्ट कार्यालयीन दृष्टीने गंभीर होती. मी शैलजाला जाब विचारला. ती म्हणाली, "सात-सात तास बसल्यावर ओळख व्हायचीच की हो. दुसरं कोण असतंय तिथं बोलायला?" मी म्हटलं, तू कधी बोलली नाहीस. तिने शेंगांची टरफलं सुपात गोळा केली आणि ती आत गेली. मला राग आला होता. तो कोणावर, हे मात्र मला त्या दिवशी कळलं नाही.

बेरीज केली. उन्हाळा सदतीस, पावसाळा एकोणतीस, हिवाळा बावीस. ओळख तिघांशी सारखीच असल्याने त्या मुद्द्यावर कोणालाच बाद करता येत नव्हतं. मी नेमणूकपत्र तयार केलं, त्यावर जावक क्रमांक टाकला आणि पुढच्या रविवारी उन्हाळ्याला बोलावून घेतलं.

त्याने पत्र वाचलं. मग तक्ता मागितला, आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे वाचलंत का?"

"मीच लिहिलंय ते."

"लिहिलंत हो. वाचलंत का?"

मी वाचलं. माझं अक्षर चांगलं आहे. संक्रांतीला पन्नास पूर्ण, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

"मी येणार होळी झाल्यावर," उन्हाळा म्हणाला. "माझ्यासंगं आल्या तर वहिनी पुन्हा बाकावरच. मला जमायचं नाही ते." त्याने पत्र घडी करून टीपॉयवर ठेवलं.

नेमणूक नाकारणाऱ्याला तीन वर्षं काळ्या यादीत टाकायचं असा नियम आहे. मी तो त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला की टाका. जाताना त्याने शैलजाला विचारलं की कुरडया घालायच्या राहिल्यात का, कारण आलोच आहे तर तासभर गच्चीवर थांबतो. तो थांबला. काळ्या यादीची वही मी उघडली, तारीख घातली आणि मिटून ठेवली. सव्वीस वर्षांत अशी कोरी तारीख मी पहिल्यांदाच सोडली.

नियमाप्रमाणे दुसऱ्या क्रमांकाला विचारायला हवं होतं. पावसाळ्याने निरोप पाठवला की तो आला की रोलर कोस्टर बंद ठेवतात, तेव्हा आग्रह करू नये. अशा रीतीने बावीस गुणांचा हिवाळा नेमला गेला. पत्र मिळाल्यावर त्याने एकच शंका विचारली. पिशव्या कोण सांभाळणार? मी कळवलं की तो विषय जागेवर बघू.

डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला आम्ही निघालो. अक्षता गाडी चालवत होती, मी तिच्या शेजारी, मागे बसवराज आणि शैलजा, आणि खिडकीशी हिवाळा. काचा बंद होत्या तरी मागच्या सीटवर शाल लागत होती. शैलजाने त्यालाही कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली. इंदापूर ओलांडलं तरी तो उतरून गेला नाही, हे मी नोंदवून ठेवलं.

रोलर कोस्टरच्या दाराशी एका मुलीने शैलजाचं आधार कार्ड बघितलं, तारखा मोजल्या आणि म्हणाली, "सतरा दिवस आहेत, काकू. जा." शैलजाने पदर खोचला. मीही रांगेत तिच्या मागे उभा राहिलो, आणि आमच्या तीन पिशव्या, दोन बाटल्या आणि चार स्वेटर घेऊन हिवाळा बाकाकडे निघाला. तो म्हणाला की त्याला सवय आहे.

शैलजा वळली. "तुम्ही नका येऊ," ती मला म्हणाली. "तुम्ही बसा तिथं. एकदा बसून बघा."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी काहीतरी कारण सांगितलं असतं. मी रांगेतून बाहेर आलो.

बाक सिमेंटचा आहे आणि बसल्यावर गार लागतो. पिशव्या मी मांडीवर घेतल्या, कारण खाली ठेवल्या तर ओल लागते, हे मला हिवाळ्याने सांगितलं. तो दुसऱ्या टोकाला बसला. मी पिशव्या, बाटल्या आणि स्वेटर दोनदा मोजले. इतक्या वर्षांत मी एवढा वेळ कुठल्या ऋतूसोबत बसलो नव्हतो. कार्यालयात खिडकीला कपाट लावलेलं आहे.

त्या बाकावरून रोलर कोस्टरचा फक्त सर्वांत वरचा भाग दिसतो. गाडी एका बाजूने चढते, क्षणभर वर दिसते आणि पलीकडे नाहीशी होते. माणसं टिचभर दिसतात. आपली कुठली, परकी कुठली, काही कळत नाही. ओरडणंही सगळ्यांचं सारखंच ऐकू येतं. पहिली गाडी गेली. दुसरी गेली. मला घाबरायला झालं. शैलजा कुठल्या गाडीत आहे हे मला माहीत नव्हतं, आणि ते विचारायला कोणी नव्हतं.

"कुठल्या गाडीत असेल हो ती?" मी हिवाळ्याला विचारलं.

"इथून कळत नाही," तो म्हणाला. "वहिनी सगळ्याच गाड्यांना हात करायच्या. न जाणो, तुम्ही एखादीत असलात तर."

याआधी तीन सहली झाल्या होत्या. पावसाळ्यातली सोडली तर दर वेळी आम्ही तिथे चार-पाच फेऱ्या मारल्या असतील. वरून मी एकदाही बाकाकडे बघितलं नव्हतं. मी पिशव्या नीट धरल्या आणि पुढची गाडी वर आली तसा हात हलवला. त्यानंतरच्या गाडीलाही. त्यानंतरच्या सगळ्या गाड्यांना. ओळखदेख नसलेल्या एका बाईने वरून मला हात केला.

शैलजा खाली आली तेव्हा तिचे केस विस्कटले होते आणि ती हसत होती. "दिसलात की तुम्ही," एवढंच म्हणाली आणि पुन्हा रांगेत गेली. त्या दिवशी ती सहा वेळा बसली. मधे एकदा अक्षता येऊन म्हणाली की बाबा, तुम्ही जा, मी थांबते. मी म्हटलं की नको, माझं इथे काम आहे. संध्याकाळी गारठा वाढला तसा एक स्वेटर मी घातला आणि उरलेले मांडीवर ठेवले.

सहलीनंतर ऋतूनेही कुटुंबाबद्दलचा अहवाल भरून द्यायचा असतो. हिवाळ्याचा अहवाल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोस्टाने आला. कागद हाताला गार लागत होता. वर्तणूक समाधानकारक, भोजन उत्तम. 'कुटुंबातील ओळखीच्या व्यक्ती' या रकान्यात त्याने दोन नावं लिहिली होती. मी आवक क्रमांक टाकला आणि कागद फाइलला लावला.