पंख्याला बांधलेला माउस

शनिवारी दुपारी लेकीने फोनवरून सांगत सांगत बाबांच्या कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉप चालू करायला घेतला. आपल्या घरी बसून तिला त्यांची अडलेली कामं करून देता यावीत, एवढाच बेत. बाबा घड्याळं दुरुस्त करत. गिऱ्हाइकांची यादी लिनक्सच्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवत आणि पडद्यावर उमटेल ते सगळं तारखेसकट मोठ्याने वाचत.

"कनेक्शन नाकारलं, म्हणतंय. मी काय घोडं मारलंय त्याचं?"

तासाभराने जमलं. "आता लॉग-आउट करा, बाबा. तुम्ही तिथून उठल्याशिवाय मला इथून बसता येणार नाही."

"एवढी यादी पुरी करतो, मग उठतो."

रविवारी सकाळी, चपला घालता घालता, ते गेले.

पुढचे पंधरा दिवस लेकीने एकहाती निभावले. दाखले, सह्या, भेटायला येणारी माणसं. फक्त बाबांच्या कामाच्या खोलीत तिने पाऊल ठेवलं नाही. आई मात्र दर दहा मिनिटांनी तिथे जाऊन येई. रडायला जात असेल, असं समजून लेक मागे जात नसे.

ती आपल्या घरी परतली आणि आठवड्याने आईचा फोन आला. खणात एकेचाळीस घड्याळं पडून होती. कुठलं कोणाचं, ते फक्त यादीत.

"काल एकजण भलत्याचंच घड्याळ मनगटावर चढवून निघाला होता. जिन्यातून परत आणला."

लेकीने लगेच इकडून जोडणी केली. पासवर्ड बरोबर, पडदा काळाकुट्ट. तीनदा तेच. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला: बाबांचं लॉग-आउट राहूनच गेलं होतं.

"आई, बाबांचा कॉम्प्युटर एकदाही बंद केला नाहीस ना?"

"छे! हात लावला नाही. यादीसुद्धा वर सरकवली नाही, शेवटच्या चार ओळीच दिसतात. नुसता माउस हलवते, दर दहा मिनिटांनी."

"तीन आठवडे?"

"नाहीतर तो कुलूप लावून घेतो नि पासवर्ड मागतो. मला कुठे ठाऊक तो? आंघोळीच्या वेळी शेजारच्या काकू बसतात."

"आणि झोपतेस कधी?"

"पंख्याला बांधते ना."

"काय?"

"माउस! टेबल फॅन मान फिरवतो, त्याच्या मागे हाही फिरतो. कोपऱ्यात अडकतो मधूनमधून, पण कामसू आहे."

इतक्या दिवसांनी लेक खो खो हसली. "अगं, पासवर्ड मला माहीत होता!"

"मग तीन आठवडे मूग गिळून बसलीस?"

"बरं, कंट्रोल धरून एस दाब. यादी जपून राहील. झालं? आता वरच्या कोपऱ्यात लॉग-आउट."

आई थांबली. "शेवटची ओळ अर्धीच आहे गं. ‘काटा नवीन, पट्टा’... एवढंच."

"असू दे."

"आता उठवलं, तर परत बसायचे नाहीत ते."

बऱ्याच वेळाने पलीकडे बारीक खट्ट झालं. लेकीने पुन्हा जोडणी केली, तसा पडदा उजळला; यादी उघडली आणि एकेचाळीस नावं ओळीने समोर आली.

"दिसतंय का?" आईने विचारलं.

दिसत होतं, पण एकही नाव वाचता येईना.

"आई," ती म्हणाली, "मला बाबा हवेत गं."