पहिल्या हाकेला ओ

यमुनाबाईंना हाक मारावी लागत नसे. त्या आधीच ओ देऊन मोकळ्या होत.

आम्ही नागपूरच्या मेडिकलच्या मुली. सत्तर सालाच्या आसपास एकदा नरखेड तालुक्यातल्या एका गावी दिवसभराच्या पाहणीला गेलो होतो. गावाचे आजार आणि गावाच्या चालीरीती, दोन्ही बघून या, असं सरांनी बजावलं होतं. चालीरीतींनी पहिल्याच दारात इंगा दाखवला. मी हाक मारली, "कोणी आहे का?" आत भांडी वाजत होती, पण ओ नाही. दुसऱ्या हाकेला भांडीही गप्प झाली. तिसऱ्या हाकेला एक बाई हसत बाहेर आली.

"भर दुपारी तिसऱ्या हाकेबिगर ओ देत नसतात वं पोरी. पह्यल्या दोन कोणाच्या असतीन, काय भरोसा?"

भुतं म्हणे दोनदाच हाक मारतात. मी वाढले गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात. आमच्याकडे गिऱ्हाईक नुसतं खाकरलं तरी "या, बसा" म्हणायची पद्धत. घरागणिक तीनतीनदा ओरडून माझा घसा बसला.

गावाच्या टोकाला, संत्र्यांच्या बागेला लागून शेवटचं घर होतं. मी तोंड उघडायच्या आत आतून आवाज आला, "ओ, आली बापू, आली."

भिंत चाचपत यमुनाबाई बाहेर आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरे झालेले. त्यांनी मला पाणी दिलं, आणि मी पाणी पिईपर्यंत एका कावळ्याला, एसटीच्या हॉर्नला आणि शेजारच्या शेतातल्या पंपाला ओ दिली. "जेवणात काय असतं?" मी विचारलं. "भाकर, चून, अन्... ओ, आली बापू, आली." मला हसू आवरेना. पुढच्या खेपेला मात्र अंगावर काटा आला, कारण या वेळी कावळाही ओरडला नव्हता.

"त्याइचं असंच हाय," शेजारची शांता कुंपणापलीकडून म्हणाली. "आम्ही तं दुपारचं त्याइच्या आंगणात पाय ठेवत नाही."

तालुक्याच्या गावी डोळ्यांचं शिबिर चालू होतं आणि तो शेवटचा दिवस होता. आणखी थांबलं तर डोळे कायमचे जातील, असं आमच्याबरोबर आलेल्या सरांनी तपासून सांगितलं. तिकडे न्यायला आमची जीप दारात उभी होती. यमुनाबाई जागच्या हलेनात.

"मी गेली तं इथं ओ कोण देईन?"

"कोणाला?"

त्यांनी बागेतल्या विहिरीकडे बोट केलं. इतका वेळ भिंत चाचपणारा हात बरोबर तिकडेच गेला.

"माहा किसना पंपाच्या नळीचा फुटवॉल काढाले उतरला होता. दुपारची वेळ. 'माय' म्हणून हाक आली. मी तिसरीची वाट पाह्यली." पदराने त्या माझा रिकामा पेला पुसत राहिल्या. "दोनच आल्या."

मला रडू आलं. त्यांना ते दिसत नव्हतं, हेच बरं.

"तुम्ही जा," मी म्हटलं. "जीप परत येईपर्यंत मी बसते इथे."

शांता कुंपणाशी उभी राहून ऐकत होती. मग कुंपणातून आत आली. "रातच्याले मी निजीन इथं, मावशी. तू येईपर्यंत."

जीपमध्ये चढताना यमुनाबाईंनी माझं मनगट धरलं. "पह्यलीलेच देजो. दुसरीची वाट नोको पाहू."

जीप गेली. शांता जनावरांना पाणी पाजायला घरी गेली. मी ओट्यावर एकटीच बसले. थोड्या वेळाने वीज गेली असावी, शेजारचा पंप बंद पडला. बागेत पानही हलत नव्हतं. आणि विहिरीकडून हाक आली. बारीक, दमलेली.

"माय."

भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी मी उठून उभी राहिले आणि विहिरीकडे तोंड करून, बसलेल्या घशातून निघेल तेवढ्या मोठ्यांदा म्हटलं, "ओ, आली बापू, आली."

दुसरी हाक आली नाही.